खर्रा, खारीक आणि कस्टम

आमच्या गावच्या पानठेल्यावर सकाळी साडेसहाला पहिला खर्रा घोटला जातो. पन्नीचा तुकडा, त्यावर कातरलेली सुपारी, तंबाखू, बोटभर चुना, आणि मग ती पन्नी पाटीवर दाबून तळहाताने रगडायची, आतला माल ओलसर काळपट होईस्तोवर. पश्चिम महाराष्ट्रात याला मावा म्हणतात. आमच्या हिंगणघाट तालुक्यात फवारणीला गडी ठरवताना मजुरीसोबत खर्ऱ्याचंही बोलून घ्यावं लागतं. मी स्वतः खात नाही. पण व्यापाऱ्यांच्या वह्या लिहिणं हा माझा धंदा, त्यामुळे कुठल्या वस्तूवर किती कर बसतो हे बघायची खोड लागली आहे. त्या खोडीपायी एकदा सुपारीचा हिशेब मांडून बसलो.

परदेशातून येणाऱ्या सुपारीवर आयात शुल्क आहे 100 टक्के. शिवाय किमान आयात किंमत ठरलेली. 2018 पासून ती किलोला 251 रुपये होती, फेब्रुवारी 2023 मध्ये 351 केली. त्याहून स्वस्त सुपारी, मोजके अपवाद सोडले तर, देशात आणताच येत नाही. हे सगळं कर्नाटक, केरळ, आसामातल्या बागायतदारासाठी, आणि ते चूक नाही. पण धुरा, म्हणजे शेताचा बांध, जितका उंच घालाल तितकं पाणी भोक शोधतं. इंडोनेशियातल्या सुपारीला ती सार्क देशातली असल्याचा दाखला जोडायचा, म्हणजे साफ्टा या सार्क देशांच्या आपसातल्या व्यापार कराराची शुल्कसवलत मिळते. ते जमत नसेल तर म्यानमारच्या बाजूने चोरून आणायची. नागपुरातला हा सुपारीचा व्यापार उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला, तपास सीबीआयकडे आला आणि नोव्हेंबर 2021 मध्ये नागपूर-मुंबईत 19 ठिकाणी छापे पडले. 2022 च्या अखेरीस ईडीनेही धाडी घातल्या आणि सुमारे 290 टन सुपारी जप्त केली. ठेलेवाल्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, गिऱ्हाईक फक्त सुपारी कडक हाय का नाई एवढंच पायते."

सीमा म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरची अटारी येते, नाहीतर काश्मीरचं कुंपण. विदर्भाइतका सगळ्या सीमांपासून लांबचा मुलूख शोधून सापडणार नाही. नागपूरला झीरो माइलचा दगडच उभा आहे. समुद्र नाही, शेजारी देश नाही. तरीही सीमा इथवर येते. मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात उतरलेला कंटेनर सील न तोडता रेल्वेने नागपूरजवळच्या डेपोत येतो आणि कस्टमचा शिक्का तिथे बसतो. म्हणजे कस्टमच्या हिशेबाने त्या डेपोच्या गेटबाहेर पडेपर्यंत तो माल अजून सुटलेलाच नसतो.

आणि सीमेवरून जे चुकून आत येतं ते काही बंदूकच असतं असं नाही. आमच्या प्रत्येक धुऱ्यावर गाजरगवत आहे. हे गवत अमेरिकेतून आलेल्या गव्हासोबत आलं असं मानतात. 1950 च्या दशकात पुण्याजवळ त्याची पहिली नोंद झाली. ते निंदता निंदता आमच्या आयांच्या हातांना पुरळ उठले, दमे लागले, आणि सत्तर वर्षांनीही ते हटलेलं नाही. तेव्हा 'आयात मोकळी सोडा, तपासणी म्हणजे छळ' असं कोणी व्यापारी माझ्यापुढे म्हणाला की मी त्याला खिडकीतून धुरा दाखवतो.

आता खारीक. थंडीत डिंकाच्या लाडवांना आणि बाळंतिणीच्या खुराकाला खारीक लागतेच, आणि बरीच वर्षं ती पाकिस्तानातून येत असे. फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामानंतर पाकिस्तानी मालावर 200 टक्के शुल्क लागलं. पहलगामनंतर 2 मे 2025 रोजी पाकिस्तानचा कुठलाही माल, थेट असो की दुसऱ्या देशातून फिरून आलेला असो, पूर्ण बंद झाला. जेमतेम दोन महिने होतात न होतात तोच महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, न्हावा शेवाला 39 कंटेनर पकडले. 1,115 टन माल, किंमत सुमारे 9 कोटी. कागदावर तो संयुक्त अरब अमिरातीचा होता. प्रत्यक्षात कराचीहून दुबईला जाऊन, तिथे कंटेनर बदलून, नवा जन्मदाखला घेऊन आला होता. त्यात मुख्य माल होता खारीक.

या दोन्ही प्रकरणांत माझं लक्ष एकाच गोष्टीवर अडकतं: कागद पुरे होते. सुपारीला दाखला होता, खारकेला दाखला होता. सप्टेंबर 2021 मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात जे जवळपास 3,000 किलो हेरॉइन सापडलं, तेही 'टाल्कचे दगड' म्हणून रीतसर घोषित झालेलं होतं. अफगाणिस्तानचा माल, इराणच्या बंदरातून निघालेला, आणि आयातदार म्हणून विजयवाड्याच्या एका घराच्या पत्त्यावर नोंदलेली कंपनी, जिचं नाव त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं. कागदाच्या नावाने बोंब असती तर तो कंटेनर कदाचित आधीच कोणाच्या नजरेत भरला असता.

आणि कागद सोडून माणसाकडे यावं तर 1993 चे मुंबईतले बॉम्बस्फोट आहेतच. शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली ती काही फॉर्म भरायचा राहिला म्हणून नाही. त्या खटल्यात कस्टमचे अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरले.

तरी आपल्याकडे दरवेळी काही सापडलं की उपाय एकच निघतो: आणखी एक कागद. याचा भार कोणावर पडतो ते मी जवळून पाहिलं आहे.

आमच्या गावातला एक जण फवारणीचे चार्जिंगवाले पंप जोडून विकतो. टाकी इथली, पट्टे इथले, नळी इथली. आतली मोटर, गन आणि नोझल तेवढे चीनचे. आधी तो हे मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घ्यायचा. मग कोणीतरी डोक्यात घातलं की थेट मागवलं तर पंपामागे चांगला पैसा सुटतो. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक, काढायला 500 रुपये लागतात. तो मीच काढून दिला. बँकेची सीसी लिमिट, म्हणजे धंद्यासाठीची उचल, वापरून त्याने वीस फुटी एक कंटेनर मागवला. जुलैच्या मध्यावर माल डेपोत लागला. वेळ अगदी बरोबर होती. कपाशीवर मावा-तुडतुड्याची पहिली फवारणी सुरू झालेली असते, आणि पोळ्याच्या आत जो पंप विकला गेला तोच विकला गेला.

दुसऱ्या दिवशी रात्री तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. "माल आला, पन आला म्हंजे आला नाई," म्हणाला. पहिलीच आयात म्हणून संगणकाने त्याचा कंटेनर तपासणीला निवडला होता. खोकी उघडली आणि चौथ्या की पाचव्या खोक्यात निघाल्या लिथियमच्या 50 बॅटऱ्या. बिलात नाहीत, यादीत नाहीत. चिनी पुरवठादाराने प्रेमाने नमुना म्हणून टाकलेल्या. अशा बॅटऱ्या आपल्याकडे विकायला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी लागते, आणि का लागते हे ज्याच्या घरात मोबाईलची बॅटरी फुगून फुटली आहे त्याला सांगावं लागत नाही. "फुकट टाकल्या लेकानं, मले काय मालूम," हे तो दहादा बोलला असेल. क्लिअरिंग एजंटने भरलेली चेकलिस्ट, म्हणजे कस्टमला द्यायच्या माहितीचा मसुदा, त्याच्या मोबाईलवर आली होती आणि त्याने ती न वाचता 'ओके' म्हणून परत पाठवली होती. तीही मी पाहिली.

इथवर मला कस्टमची एकही चूक दिसत नाही. माणूस नवा होता, कंटेनर उघडला, न सांगितलेली वस्तू सापडली. हे सगळं व्हायला, त्याच्याच सांगण्यावरून, तासभर लागला.

पुढचे 22 दिवस मात्र काय झालं? सध्याच्या पद्धतीत कागदांची छाननी कुठल्या तरी दुसऱ्या शहरातला अधिकारी संगणकावर करतो. ही चेहराविहीन पद्धत ऑक्टोबर 2020 पासून देशभर लागू आहे आणि तिच्यामागचा हेतू मला पटतो: व्यापारी आणि अधिकारी यांची चहा प्यायला गाठच पडू नये. पण त्यामुळे प्रश्न कोणी विचारला हे कळत नाही आणि उत्तर कोणाला समजावून सांगायचं हेही कळत नाही. पहिला प्रश्न आला: बॅटऱ्या विक्रीसाठी की वापरासाठी? उत्तर दिलं. चार दिवसांनी दुसरा: मोटर कुठल्या वर्गात धरली आणि का? उत्तर दिलं. मग मोटरच्या किमतीचा पुरावा मागितला. मध्ये शनिवार-रविवार, मध्ये एक सुट्टी. प्रत्येक प्रश्न वेगळा, प्रत्येक प्रश्न इंग्रजीत, आणि तीनही प्रश्न पहिल्याच दिवशी एकत्र विचारता आले असते. शेवटी बॅटऱ्या जप्त झाल्या, दंड बसला आणि बाकी माल जसा घोषित केला होता तसाच, एक रुपयाही शुल्क न वाढता सुटला. माल गावात आला तेव्हा त्याच्या नेहमीच्या कृषी केंद्रवाल्यांनी इंदूरच्या पार्टीकडून पंप भरून घेतले होते.

दंड त्याने मुकाट्याने भरला. त्याला रडू आलं ते भाड्याच्या बिलावर. डेपोचं भाडं वेगळं, कंटेनर वेळेत रिकामा करून परत न दिल्याचे जहाज कंपनीचे पैसे वेगळे, तेही डॉलरमध्ये. दोन्ही मिळून दंडापेक्षा जास्त भरले. कस्टम क्षेत्रातल्या माल-हाताळणीचे 2009 चे नियम सांगतात की अधिकाऱ्याने जप्त केलेल्या किंवा अडवून ठेवलेल्या मालावर डेपोवाल्याने भाडं घेऊ नये. आम्ही तो नियम छापून नेला. उत्तर मिळालं की जप्त झाल्या त्या बॅटऱ्या. मोटरी कोणी अडवल्याच नव्हत्या, त्यांच्याबाबत फक्त प्रश्न विचारले होते. कागदोपत्री तो माल अडलेला नव्हता, नुसता थांबलेला होता. मी 20 वर्षं हिशेब लिहितोय, पण या दोन शब्दांतला फरक एवढ्या पैशांचा असू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

माझं म्हणणं एवढ्याच अनुभवातून निघालेलं आहे, आणि ते मी आडवळणाने सांगत नाही. तपासणी आणि ताटकळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांना एकच समजून बसलो आहोत. खोकं उघडलं तो एक तास देशाच्या कामी आला. नंतरच्या 22 दिवसांनी सुरक्षेत कशाचीही भर पडली नाही. कागद वाढवल्याने चोराचा खर्चही वाढत नाही, कारण तो कागद विकतच आणतो आणि जितके लागतील तितके आणतो. खर्च वाढतो तो ज्याला कागद खरा मिळवायचा आहे त्याचा.

कायद्यातली मुदतही व्यापाराच्या हंगामाशी जुळत नाही. कस्टम्स कायदा 1962 च्या कलम 110 प्रमाणे माल जप्त केल्यावर नोटीस द्यायला सहा महिने मिळतात, आणि वर आणखी सहा महिन्यांची वाढ मिळू शकते. मोठ्या कंपनीला हे परवडतं. तिचे वकील हमी देऊन माल तात्पुरता सोडवून घेतात. फवारणीच्या पंपवाल्याला सहा महिने म्हणजे पुढचा खरीप. तोवर मोटरी गंजत नाहीत, पण व्याज चढतं.

माझ्या एका निवृत्त अधिकारी मित्राचा यावर ठरलेला आक्षेप आहे: "तुम्ही लहान माणसाला सवलत मागता, आणि मुंद्र्याचा आयातदार लहानच होता की." त्याचं बरोबर आहे. नवा क्रमांक, छोटा पत्ता, आधी कधी न आणलेला माल, हे धोक्याचंच लक्षण आहे. 2005 पासून कस्टमकडे जोखीम ओळखणारी संगणकप्रणाली आहे, ती हेच निकष बघून कुठला कंटेनर उघडायचा ते ठरवते, आणि तिने आमच्या पंपवाल्याला निवडलं ते ठीकच केलं. म्हणून मी सवलत मागत नाही. नव्या आयातदाराचे पहिले तीन कंटेनर तळापर्यंत उघडा, हवं तर त्याची ठरावीक फी घ्या. पण दोन दिवसांत उघडा, जे विचारायचं ते एकदाच विचारा, आणि उत्तर मिळाल्यापासून ठरलेल्या दिवसांत हो किंवा नाही सांगा. त्यापुढे लागणाऱ्या दिवसांचं भाडं, माल घोषणेप्रमाणेच निघाला तर, आयातदाराने का भरावं? ते सरकारने भरावं असं मी म्हटलं की मित्र हसतो. सरकार ते भरू लागलं तर प्रश्न एकाच दिवशी विचारायची सवय फार लवकर लागेल, असं माझं मत आहे.

माल सोडायला लागणाऱ्या वेळेची सरासरी कस्टम दरवर्षी काढतं, आणि ती खाली आली आहे हे खोटं नाही. मोठ्या कंपन्यांचे कंटेनर तर न थांबता निघतात. पण आमच्या पंपवाल्याचे 23 दिवस त्या सरासरीत कुठे विरघळले ते शोधून दाखवावं.

विश्वासू व्यापाऱ्यांसाठी योजनाही आहे. एईओ म्हणतात तिला: आधी स्वतःचा हिशेब, गोदाम, इतिहास तपासून घ्या, मग तुमचा माल कमी अडवला जाईल. कल्पना चांगली आहे, जगभर चालते. पण पहिल्या पायरीसाठी लघुउद्योगांना अट सैल करूनही वर्षाला किमान दहा आयात-निर्यात कागदपत्रं लागतात. वर्षाला दोन कंटेनर मागवणारा हिंगणघाटचा माणूस त्या दारापर्यंत पोचत नाही. इथल्या दहा-बारा पंप, पाइप, ठिबकवाल्यांनी मिळून संघ करावा आणि त्या संघाला एकत्रित दर्जा मिळावा, असं मी दोनदा सुचवून पाहिलं. व्यापाऱ्यांनीच नको म्हटलं. "शेजाऱ्याच्या मालात काय निघन कोनाले मालूम," हे त्यांचं कारण, आणि ते मला खोडता आलं नाही.

इथे आमच्या लोकांचंही बोललं पाहिजे, कारण व्यापाऱ्यांच्या बैठकीत हा भाग कोणी काढत नाही. 2011 पासून आयातदाराने स्वतःच शुल्क ठरवून भरायचं अशी पद्धत आहे. म्हणजे माल कोणता, त्याचा आठ आकडी कोड कोणता, किंमत किती, देश कोणता, हे सगळं तुमच्या सहीने जातं. 'एजंटने भरलं' हे उत्तर तिथे चालत नाही. 2020 च्या सप्टेंबरपासून तर करारातली सवलत घ्यायची असेल तर नुसता परदेशी दाखला पुरत नाही. माल खरोखर त्याच देशात तयार झाला हे दाखवणारी माहिती आयातदाराने आधी मिळवायची आणि पाच वर्षं जपायची. हा नियम मला कागद वाढवणारा वाटत नाही. खारीक आणि सुपारीच्या वाटेवर बोट ठेवणारा हा नियम आहे, कारण तो दाखल्याच्या मागे जाऊन विचारतो. आमच्या तहसीलमध्ये सातबाऱ्यावर फेरफार घेताना तलाठी जसं विचारतो की बाबा, जमीन तुझ्याकडे आली कशी, तसंच हे.

पण सातबारा मराठीत असतो. कंटेनरचा सातबारा, बिल ऑफ एंट्री, इंग्रजीत, त्यावरचा प्रश्न इंग्रजीत, उत्तर इंग्रजीत. एखाद्या मालाचा कोड कोणता हे आधीच विचारून पक्कं करायची सोय कायद्यात आहे, मुंबईला त्यासाठी अधिकरण आहे, फी 10,000 रुपये. आमच्या जिल्ह्यातल्या किती लोकांना हे ठाऊक आहे? नागपुरात आठवड्यातून एक दिवस मराठीत उत्तर देणारी खिडकी ठेवली तर फसवाफसवी कमी होईल की जास्त?

आणि आयईसीची भाडेपट्टी. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या गावचा एक पोरगा आला. बी.कॉम. झालेला, नोकरी नाही. "काका, एका नागपूरच्या मान्साले माह्या नावानं आयईसी काढून पायजे. सही करायची फक्त. मयन्याले पैसे देतो म्हन्ते." मी विचारलं, माल काय येणार? त्याला माहीत नव्हतं. कुठून येणार? माहीत नव्हतं. मी त्याला विजयवाड्याच्या त्या घराची गोष्ट सांगितली. तो गप्प बसला, मग म्हणाला, "पन ते तर मोठे लोक व्हते." मी त्याचं काम केलं नाही. दुसऱ्या कोणी केलं असेल का, हे मी विचारायला गेलो नाही, आणि ते माझ्या मनाला लागून आहे. सीमेचं सगळ्यात मोठं भोक हे आहे, आमच्या बसस्टँडवर उभं असलेलं. ते बुजवायला डेपोत कागद वाढवून भागत नाही. आयईसी देताना एकदा माणसाच्या घरी जाऊन, त्याचं गोदाम आहे का, त्याला मालाचं नाव तरी सांगता येतं का, एवढं विचारणं पुरे. आज क्रमांक घरबसल्या मिळतो आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये संगणकावर माहिती ताजी केली की चालू राहतो. इतक्या सहज दार उघडायचं आणि मग आतल्या खोलीत प्रत्येकाची झडती घ्यायची, ही उलटी रीत झाली.

स्पष्ट नकार व्यापाऱ्याला परवडतो, हेही सांगून टाकतो. 9 फेब्रुवारी 2022 रोजी परदेशी ड्रोनची आयात बंद झाली, संशोधन-संरक्षणासारखे अपवाद वगळून. सुटे भाग आणायला मात्र मोकळीक राहिली. फवारणीच्या ड्रोनचा धंदा करायला निघालेल्या आमच्या दोन पोरांनी शिव्या दिल्या, आणि देशी ड्रोन घेतला. कोणाचा कंटेनर अडकला नाही, कोणाचं व्याज चढलं नाही. पाकिस्तानी मालाच्या बंदीचंही तसंच. त्रास होतो तो 'बघू' या शब्दाचा.

शेतकरी वाचक इथे विचारतील की आयातवाल्यांचा एवढा कळवळा कशाला, आयातीनेच तर आमचा भाव पडतो. 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचं 11 टक्के शुल्क काढलं तेव्हा आमच्या जिनिंगच्या आवारात मीही तो राग ऐकला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं, म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात. तो राग योग्य आहे, पण तो शुल्काच्या धोरणाचा प्रश्न आहे आणि त्यावर वेगळं लिहावं लागेल. इथे मला त्यातलं एवढंच हवं आहे: हजारो कोटींच्या मालाचा निर्णय सरकार एका अधिसूचनेने रातोरात घेऊ शकतं. मग 50 बॅटऱ्यांचा निर्णय घ्यायला 22 दिवस का लागतात? यंत्रणेला वेगाची ॲलर्जी नाही. वेग कोणासाठी वापरायचा, हे ठरलेलं आहे.

आमचा पंपवाला धंदा सोडून बसला नाही. विकले न गेलेले पंप त्याच्या गोदामात प्लास्टिक गुंडाळून उभे आहेत, पुढच्या खरिपाची वाट बघत. नवा माल मागवताना आता तो पुरवठादाराला कंटेनर बंद करण्याआधी प्रत्येक थराचा फोटो मागतो. चेकलिस्ट माझ्याकडे घेऊन येतो आणि आम्ही दोघं चष्मे लावून ओळ न् ओळ वाचतो. परवा त्याच्या पोरीने बापाच्या मोबाईलवर चीनला पाठवलेला निरोप मला दाखवला. तीन शब्दांचा होता: 'नो फ्री गिफ्ट'. खाली त्या पुरवठादाराने हात जोडलेलं चित्र टाकलं होतं, आणि त्याखाली यादी. यादीत शेवटी, वेगळ्या ओळीत, पाच चार्जर, किंमत शून्य.